झाकणाआडची चाकं

तालुक्याच्या तंत्रनिकेतनात संगणकाची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून राजहंस सर आले होते. मुलांना नापास करण्यात त्यांचा हातखंडा. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, म्हणून केतकी भोईटेला वेळ विचारून त्यांनी ती तिच्या गुणांच्या कागदावर लिहिली आणि प्रश्न टाकला, "प्रोग्रॅममध्ये एका क्लासवरून, म्हणजे साच्यावरून, दुसरा वारस क्लास केला, तर मूळ क्लासचा प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून झाकलेला, डेटा त्या वारस क्लासकडे येतो का?"

"येतो, सर. फक्त थेट हात लावता येत नाही."

"हात लावता येत नाही म्हणजे आलाच नाही. नापास."

नापास म्हणजे ठरलेली नोकरी हातची जाणार. केतकीने शांतपणे मनगट पुढे केलं.

"सर, हे माझ्या बाबांचं घड्याळ. ते गेल्यापासून मी वापरते. काटे पब्लिक, सगळ्यांना दिसतात. आतली चाकं प्रायव्हेट. झाकण मला उघडता येत नाही, चाकं मी कधी पाहिलीही नाहीत. पण ती माझ्याकडे आलीच नसतील, तर मघाशी तुम्ही लिहिलेली अकरा वीसची वेळ कुणी सांगितली?"

राजहंस सर आपल्याच अक्षराकडे बघत राहिले. मग त्याच्या खाली त्यांनी पैकीच्या पैकी गुण लिहिले.

"आता किती वाजले, बाळ?"

बाबांच्या घड्याळात बघून केतकीने ताठ मानेने वेळ सांगितली.