निरगुडीचा पाळणा

एकदा काय झालं, डोंगराखाली येसू नावाची एक बाई राहायची. रानातून निरगुडीच्या काड्या आणायची आणि टोपल्या विणायची. नुसत्या टोपल्या नाही बरं का, मोर विणायची, घोडे विणायची. मोर असा की आता ओरडेल. पाय हलवू नका, ऐका.

राजानं निरोप धाडला. जत्रेला माणसाएवढा मोर पाहिजे, बसता येईल असा घोडा पाहिजे. तीन दिवसांत. मग येसूला कुठला दम? विळा घेतला आणि झुडपं थेट बुडातून छाटली.

सासू म्हणाली, "अगं, निम्म्या काड्या झाडाला ठेवायच्या. आपल्यात कुणी बूड कापत नाही."

"मग तुम्ही विणा तीन दिवसांत."

सासू चुलीकडं वळली.

पहिल्या दिवशी मोर झाला. दुसऱ्या दिवशी घोडा झाला. तिसऱ्या दिवशी उरलेल्या काड्यांचा तिनं आपल्या तान्ह्या हौसाला पाळणा विणला.

सकाळी मोर उठला आणि चालू लागला. मागनं घोडा निघाला. येसू म्हणाली, जाऊ दे, राजाचं नंतर बघू. मग पाळणा उठला. आणि हौसा आत होती.

येसू धावली. कड धरली, सुटली. पदरानं बांधला, पदर फाटला. पुढं जाऊन आडवी पडली, तर अंगावरून उडी मारून गेला.

डोंगरावर तरी थांबला का? छे. कापलेल्या बुडख्यांभोवती नुसता गरगर फिरत राहिला. काड्या आपलं मूळ हुडकत होत्या. मिळेना, तशा आवळत गेल्या. आत हौसा रडायला लागली.

"पोरीला कशाला धरतोस? कापलं मी," येसू म्हणाली. तिनं एक काडी उपसली आणि मातीत खुपसली. काडी थरथरली आणि शांत झाली. निरगुडीची ओली काडी लावली की जगते, बरं का. मग दुसरी लावली. मग तिसरी. पाळणा पुढं, ही गुडघ्यांवर मागं. बोटं सोलली, तरी थांबली नाही. शेवटची काडी निघाली आणि हौसा तिच्या मांडीत आली.

मागं बघते तर मोर आणि घोडा रांगेत उभे. उसवून घ्यायला.

तेवढ्यात राजाचे शिपाई आले. "मोर कुठाय?"

येसूनं मोर उसवला, घोडा उसवला आणि काड्यांचा भारा त्यांच्या हातात दिला. "हा घ्या मोर. लावा."

लावला मुकाट्यानं. राजा चिडला. चिडू दे. मोराशिवाय जत्रा झाली, कुणी उपाशी राहिलं नाही.

महिन्याभरात काड्यांना पानं फुटली. सासू, सून, हौसा, सगळी सुखात राहिली. हौसा जुन्या लुगड्याच्या झोळीत झोपायची, आणि झोळी जागची हलली नाही. आता तुम्हीही हलायचं नाही. मिटा डोळे.