राजेसाहेबांचं जुनेर

"जाळा! सगळं जाळा! एकदा अंगाला लागलेलं वस्त्र पुन्हा माझ्या वाड्यात दिसता कामा नये!"

देवकुंडचे राजे रुद्राजीराव पाय आपटत होते. कारण म्हणाल तर एवढंसं. शेजारच्या संस्थानचे पाहुणे जेवायला आले आणि त्यांना चांदीच्या घागरीखाली आधाराला फुटक्या मडक्याचा गळा ठेवलेला दिसला. पाहुणे गालातल्या गालात हसले. झालं! राजेसाहेबांच्या मस्तकात तिडीक गेली.

त्याच दिवशी करवंटीच्या पळ्या, जुन्या लुगड्यांची गाळणी, पायपुसणी, सगळं उकिरड्यावर नेऊन जाळलं. नव्या कोऱ्या कापडात टांगलेल्या चक्क्याला खळीचा वास येऊ लागला. पण राजेसाहेबांना सांगणार कोण?

खरी पंचाईत झाली ठमा परटिणीची. कपडे एकदा वापरून जाळायचे, तर तिनं धुवायचं काय? त्यात कारभारी अंताजीपंतांनी तिच्या घराची झडती घेतली आणि माळ्यावरून एक गाठोडं खाली ओढलं. आत राजेसाहेबांची सात जुनी धोतरं, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली!

"चोरी!" पंत दरबारात ओरडले.

"चोरी कसली?" ठमा म्हणाली. "जुनी झाली तवा तुमीच म्हनला, फेकून दे. म्या माझ्या घरात फेकली!"

दरबारात खसखस पिकली. राजेसाहेब मात्र लालबुंद झाले. "या चिंध्यांचा तुला एवढा पुळका? मग ऐक! अमावास्येच्या आत मला असा माणूस दाखव, जो माझं नवं रेशीम झिडकारून तुझी चिंधी अंगावर घेईल! भिकारी चालणार नाही. तू पढवलेला चालणार नाही."

पंत त्यांच्या कानाशी लागले.

"आणि हो, तो राजघराण्यातलाच हवा! नाहीतर बिऱ्हाड उचलायचं आणि देवकुंड सोडायचं!"

ठमाची सासू, आजेसासू याच घाटावर धुणं धूत आल्या होत्या. दुसरीकडे कुठं जाणार? तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि तिचा चेहरा जरा निवळला.

"अमुशेला नऊ दिस हायेत. चालंल, सरकार. फकस्त माझं गाठोडं जाळू नगा."

"दिलं! चिंधीशिवाय चिंधी कुणाला दाखवणार?" राजेसाहेब मिशीत हसले.

ठमानं धोतरं पुन्हा उकळत्या पाण्यातून काढली, कडुनिंबाचा पाला घालून धुतली आणि कडकडीत उन्हात वाळवली. एवढं करून ती घाटावर बसून राहिली. पंत रोज येऊन विचारत, "सापडला का गं माणूस?"

"यायचा हाय," ती म्हणे. पण सात दिवस गेले तरी कुणी आलं नाही, तेव्हा तिचाही जीव टांगणीला लागला.

आठव्या दिवशी सकाळी वाड्यात धावपळ उडाली. राजेसाहेबांची एकुलती लेक मैनाराजे पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगा झाला! सनया वाजू लागल्या. राजेसाहेबांनी नातवासाठी जरीकाठी रेशमाचं अख्खं ठाण काढलं. म्हाताऱ्या सुईणीनं बाळाला न्हाऊ घालून त्यात गुंडाळलं आणि उंबऱ्याशी आणलं.

बाळानं असा टाहो फोडला की सनईवाले थांबले!

आजोबांनी खुळखुळा वाजवला. पंतांनी टाळ्या वाजवल्या. बाळ काळंनिळं व्हायला आलं. तेवढ्यात ठमा गाठोडं घेऊन पुढं झाली. सुईणीनं मुकाट्यानं रेशीम सोडलं आणि बाळाला जुन्या धोतरात गुंडाळलं. रडं बंद!

"योगायोग!" राजेसाहेब म्हणाले. "पुन्हा रेशीम!"

पुन्हा टाहो. पुन्हा धोतर. बाळानं जांभई दिली आणि डोळे मिटले.

"सरकार," ठमा हात जोडून म्हणाली, "हा तुमचा मानूस. भिकारी न्हाई. आन् अजून आईचं दूधबी प्याला न्हाई, त्याला म्या कवा पढवू?"

"पण तो बोलला कुठं?" पंत चिरक्या आवाजात म्हणाले. "नुसता ओरडला!"

"पंत, राजघराण्यातलं मानूस ओरडलं की त्यो हुकूमच धरायचा असतो. आजवर आपन दुसरं काय केलं?"

पंतांनी दचकून राजेसाहेबांकडे पाहिलं. मग राजेसाहेब असे खदाखदा हसले की पागोटं कानावर आलं! "अरे, नातू आमच्यावरच गेला! पंत, जाळपोळ बंद! ठमा, आजपासून वाड्याची कापडकोठी तुझ्या ताब्यात, आणि घाटाशेजारचा मळा तुला इनाम! हे रेशमाचं ठाणही घेऊन जा!"

ठमानं रेशमावरून बोटं फिरवली आणि मान हलवली.

"आत्ता नगं, सरकार. राणीसाहेबांनी धा वरसं नेसू द्या, चांगलं मऊ होऊ द्या, मंग द्या!"

राजेसाहेब पुन्हा इतके हसले, की सुईणीनं त्यांनाच दटावलं, "हळू! बाळ उठंल!"