खडकावरची तीन नखं

सांगा पाहू बाळांनो, भरवसा कोणावर ठेवावा? माया करणाऱ्यावर, की खरं सांगणाऱ्यावर? घाई नको. आधी ऐका.

एकदा काय झालं, समुद्राच्या तळाशी दोन कासवं होती. केवढी? एकेकाच्या पाठीवर दहा राज्यं मावतील एवढी. धाकटं कासव थोरल्याच्या खाली सरकत होतं. वर्षाला नखभर, बरं का. पण दोघांची कवचं खरबरीत, ती एकमेकांत अडकली. मग धाकटं सरकताना थोरल्याची कडा खाली ओढायचं. त्या कडेवर होतं एक बेट, नारळींनी भरलेलं. तेही वर्षाला नखभर खचायचं.

बेटावरच्या जिवाआजीकडे एक मान होता. नारळी पौर्णिमेला भरतीचं पाणी खडकावर जिथं टेकेल, तिथं शेंदराची रेघ ओढायची. थोरांनी सांगून ठेवलं होतं, पहिल्या रेघेपासून हातभर पाणी चढलं की कासवांचा ताण पुरा झाला. मग जमीन हलली की टेकडी गाठा. एरवी बेट बारीकसं हलायचंच. दर वेळी कोण पळणार?

आता जिवाआजीला एकच नात, शेवंती. तिला पलीकडच्या किनाऱ्यावरचं स्थळ चालून आलं. पण खचत्या बेटाशी सोयरीक कोण करणार? मग आजीनं त्या वर्षी जुन्याच रेघेवर शेंदूर चढवला. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. मायेनं केलं हो. व्याही भागोजी आले, खडक पाहिला, खूश झाले.

लग्न बेटाच्या किनाऱ्यावरच मांडलं. अर्धी मंगलाष्टकं झाली आणि जमीन हलू लागली. थांबेचना. भागोजी हसून म्हणाले, "आजीबाई, तुमचं बेट वरातीआधीच नाचतंय. बसा हो सगळे, खडकावर हातभराला अजून तीन नखं बाकी आहेत."

जिवाआजीनं शेवंतीकडे पाहिलं. बोलावं तर लग्न मोडणार, गप्प बसावं तर नात जाणार.

"रेघ खोटी आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं मीच खोटी ओढली. हातभर पाणी चढलंय. शिव्या वर जाऊन द्या, आधी चढा."

मग सगळे धावले. शेवंतीनं शालू खोचला, नवरदेवानं आजीला पाठुंगळी घेतलं. तिकडे तळाशी कवचं एका जागी सुटली, आणि जुनं धोतर फाटावं तशी टर्रकन कडेकडेनं शंभर कोस सुटत गेली. थोरल्याची कडा उसळली, तिच्यावरचं पाणीही उसळलं. एक लाट आली. दुसरी आली. तिसरी मांडव घेऊन गेली. टेकडीवर माणसं मोजली, एकही कमी नव्हतं.

भागोजींनी खाली मांडवाची रिकामी जागा पाहिली. मग म्हणाले, "फसवलंत खरं. पण वेळेवर सांगितलंत. भटजी, उरलेली मंगलाष्टकं म्हणा."

बेट हातभर वर आलं होतं, सगळ्या रेघा कोरड्या. पुढच्या पौर्णिमेला नवी रेघ शेवंतीनं ओढली, पाणी टेकलं अगदी तिथंच. आजी शेजारी बसून निरखत होती. आणि ठरलं, यापुढे जमीन लांबलचक हलली तर खडकाकडे बघायचंच नाही, आधी टेकडी.

सगळी सुखानं नांदली. आता तुम्हीही डोळे मिटा. आणि हो, संध्याकाळी डब्यात अकरा लाडू होते, आता सातच दिसतात. रागावत नाही मी. सकाळी तेवढा हिशेब खरा द्या.