येसूची ओसरी

झाडं मुळांतून गप्पा मारत, त्या काळातली गोष्ट. तंबाखूच्या रानात ठकूमावशी नावाची सुतासारखी बारीक कृमी राही. ती पाहुणी म्हणून कुणाच्याही मुळात शिरे, “घोटभर रस दे गं,” म्हणे आणि फुगून, गाठ करून ठाण मांडून बसे. यजमानीण वाळून जाई. पण पाहुणीला उठवायची रानात रीत नव्हती.

एकदा ती येसू नावाच्या हडकुळ्या रोपाच्या मुळात शिरली. येसूला तर जगायचं होतं. “बसा मावशी,” ती म्हणाली आणि मावशी टेकली तेवढा मुळाचा कोपरा तिनं स्वतःच जाळून टाकला. रसाचा थेंब उरला नाही. मावशी उपाशीच गेली.

शेजारीण किंचाळली, “अगं, स्वतःचं घर जाळलंस?”

“ओसरी जाळली. घर आहे की. तुझं कुठंय?”

शेजारणीनं तोंड उघडायच्या आत तिच्या मुळातल्या गाठीतून मावशीची बहीण ओरडली, “ते आता आमचं आहे हो!”