कमानीचा बांबू

म्हाताऱ्यांनी काय करू नये, हे सांगायला कुणीही पुढे सरसावतं. नगराध्यक्ष हिंदुराव ढमाल्यांनी स्वतःच्या वाढदिवसाची कमान भर रस्त्यात उभी केली, आणि तिच्या बांबूला स्कूटर धडकून वृद्ध गोविंद गुरवांचा पाय मोडला. कमान तिथंच राहिली. हिंदुरावांनी सभा बोलावून फर्मान सोडलं, "सत्तरीच्या वरच्यांनी गाडी चालवायची नाही. चाव्या आत्ताच टेबलावर ठेवा!"

तरुणांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी तर आपल्याच आईबापांकडे बघून वाजवल्या.

अनसूयाबाई माळवदे उठल्या. वय त्र्याहत्तर, नवऱ्याला डायलिसिसला स्वतःच्या स्कूटरवरून नेत. त्यांनी निमूट चावी ठेवली. पाठोपाठ सगळ्या म्हाताऱ्या मंडळींनी ठेवल्या. मग सगळे बाहेर जाऊन हिंदुरावांच्या गाडीभोवती उभे राहिले.

"हे काय चाललंय?" हिंदुराव खेकसले.

"चाव्या दिल्या," अनसूयाबाई म्हणाल्या. "शेवटची एसटी गेली. आता एकेकाला घरी सोडा. आणि उद्या डायलिसिसला गाडी पाठवा."

हिंदुराव गडबडले. "बरं बरं, आजच्या दिवस आपापल्या गाडीनं जा. बंदी उद्यापासून!"

अनसूयाबाई कडाडल्या, "अस्सं! म्हणजे आत्ता अंधारात तुमच्या कमानीतून जायला आमचे डोळे चांगले, आणि उद्या लख्ख उन्हात दवाखान्यात जायला फुटले? तपासा ना डोळे दरवर्षी, रांगेत मी पहिली उभी राहते. पण आधी रस्त्यात बांबू रोवणाऱ्याचे तपासा!"

या वेळी टाळ्या वाजवायला कुणी थांबलं नाही. सगळे कमान उपटायला धावले.