वरचा हात

“पण वस्ताद, हा वरचा हात काढायचा तरी कसा?”

सुकुमारनं तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल वस्ताद स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होते. त्यांचे हात थरथरायचे, त्यामुळं निम्मा चहा बशीत आणि निम्मा लुंगीवर सांडत होता.

“कुणाचा हात?” वस्ताद म्हणाले.

आता काय बोलायचं या माणसाशी! गाड्या रंगवणाऱ्यांत रंगाच्या थराला हात म्हणतात, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. आणि गडहिंग्लजच्या याच शेडमध्ये चाळीस वर्षं रंग मारलेला माणूस विचारतो, कुणाचा हात!

“कुणाचा ते मला काय ठाऊक? कसा काढू तेवढं सांगा.”

वस्तादांनी बशी तोंडाला लावून फुर्र केलं. मंगळवारपासून हे असंच चाललं होतं, आणि आज शुक्रवार उजाडून दुपार झाली होती.

गाडी म्हणजे जुनी अस्मानी फियाट, डॉक्टर शिंत्र्यांची. डॉक्टर हिच्यातून गावोगाव फिरायचे. पुढच्या दोन्ही दारांवर त्यांनी पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘डॉ. शिंत्रे. आजारी असाल तर हात करा.’ रस्त्यात कुणी हात केला की गाडी थांबायची, मग तो कुणी का असेना.

डॉक्टर गेले, गाडी विकली गेली. चार मालकांकडं फिरली. त्यातल्या कुणीतरी तिला चॉकलेटी रंग फासून घेतला, तोही असा की बघवत नव्हता. सगळीकडं संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत दाणे, दारांवर तर ओघळच ओघळ.

डॉक्टरांची मुलगी प्रमिलाताई. सत्तरी उलटलेल्या. त्यांनी गाडी शोधून काढली आणि मंगळवारी शेडमध्ये आणून उभी केली. रविवारी डॉक्टरांची शंभरावी जयंती होती, गाडी जुन्या दवाखान्यासमोर उभी करायची होती. ताईंना नवा रंग नको होता. त्यांना खालची अक्षरं हवी होती.

“निघतील का हो?” त्यांनी विचारलं होतं.

“निघतील का म्हणजे? शनिवारी सकाळी या आणि वाचा की!” सुकुमारनं छाती ठोकून सांगितलं. वस्तादांकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ताई गेल्यावर वस्ताद एवढंच म्हणाले, “अक्षरं निघाली तर गन तुझी.”

वस्तादांची रंग फवारायची गन भिंतीवरच्या खिळ्याला फडक्यात गुंडाळून लटकलेली असायची. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी ती खाली काढली नव्हती. कुणाला हातही लावू दिला नव्हता. सुकुमार चौगुले नऊ वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता.

औषध लावून रंग काढला असता तर सगळंच उतरलं असतं, अक्षरांसकट. म्हणून पाणीपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा बारीक घासकागद, घेऊन हातानंच घासायचं. पाणी चॉकलेटी वाहतंय तोवर ठीक. पांढरं वाहायला लागलं की समजायचं, अक्षर गेलं.

बुधवारी उजव्या दारावर पाणी पांढरं वाहिलं.

सुकुमारला ते दिसलं तेव्हा उशीर झाला होता. ‘डॉ.’ गेला, ‘शिंत्रे’ गेलं, आणि चिडून आणखी घासलं तेव्हा खालचा पत्रा चमकायला लागला. त्या रात्री त्याला भाकरी गोड लागली नाही. गुरुवारी दिवसभर त्यानं छत आणि बॉनेट घासलं, कारण डाव्या दाराजवळ जायची त्याची हिंमतच होईना.

आता तेवढं एकच दार उरलं होतं.

त्यानं पेपर बदलला. बादलीतलं पाणी बदललं. घड्याळात पाहिलं. परत पेपर बदलला. बसला, उठला, दाराला दोनदा हात लावून मागं घेतला.

“मुंग्या आल्यात का अंगाला?” वस्तादांनी विचारलं.

“उद्या ताई येणार आहेत, वस्ताद.”

“येऊ देत की.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला! बघा तरी हे काम. बॉनेट, छत त्यातल्या त्यात बरं, आणि दारांवर आल्यावर या गाढवाला काय झालं होतं? नुसते ओघळ! रंग धरलाच नाही नीट. कुठला अर्धवट माणूस होता कोण जाणे. असल्यांचे हात तोडायला पाहिजेत!”

वस्तादांनी बशी खाली ठेवली. उठले. सावकाश चालत सुकुमारच्या पुढ्यात आले आणि दोन्ही हात पुढं केले.

हात थरथरत होते.

“घे,” ते म्हणाले. “तोड.”

सुकुमारला आधी कळलंच नाही.

“म्हणजे… हा…”

“तू यायच्या आधीची गोष्ट. थरथर नुकतीच सुरू झाली होती.”

सुकुमारच्या हातातला पेपर बादलीत पडला. चार दिवस आपण काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवायला लागलं. गाढव म्हणालो. झाडूनं रंगवलंय म्हणालो. चहाच्या टपरीवर चार लोकांसमोर म्हणालो, आणि वस्ताद तिथंच बाकड्यावर बसले होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

“वस्ताद, मी…”

“नाव सुकुमार,” वस्ताद म्हणाले, “आणि घासतोस कसा, तर म्हैस धुतल्यासारखा. बस. घास.”

“मला नाही जमायचं आता.”

“ताई उद्या येणार हाईत, न्हवं?”

ते परत स्टुलावर जाऊन बसले.

सुकुमार दारापाशी मांडी घालून बसला. पेपर उचलला, पिळला, आणि दारावर ठेवला. दाबायला मन होईना. कसं दाबणार? ज्या हातांनी आपल्याला गाडी पुसायला शिकवलं, पहिला पगार झाल्यावर पाठीवर थाप मारली, त्या हातांचं काम होतं हे. तो नुसता पेपर फिरवत राहिला. वर पाणी सोडायचं, दोन बोटांनी फिरवायचं, फडक्यानं टिपायचं, थांबायचं.

घड्याळ बघायचं त्याला सुचलंच नाही.

तासाभरानं चॉकलेटी रंगाला एका जागी बारीक फुगवटी आली. त्यानं नखानं हळूच उचलली. कागदासारखा पापुद्रा निघाला आणि खाली पांढरं दिसलं. पाणी मात्र चॉकलेटीच होतं.

“वस्ताद!”

“ओरडू नको. घास.”

पापुद्रे निघत गेले. ‘डॉ.’ निघाला. ‘शिंत्रे’ निघालं. अक्षरांवरचा रंग असा सुटत होता की जणू तो तिथं चिकटलाच नव्हता. शेडच्या दारातलं ऊन मागं सरकत रस्त्यावर गेलं, तोवर ‘आजारी असाल तर’ एवढं वाचता यायला लागलं होतं. मग ‘हात’. मग ‘करा’.

सुकुमारनं फडक्यानं दार कोरडं केलं आणि तो गुडघ्यांवर बसून बघत राहिला.

आणि बघता बघता त्याच्या लक्षात आलं.

अक्षरांच्या भोवती सगळीकडं निळ्या रंगावर जुने बारीक ओरखडे होते. नवा रंग मारायच्या आधी जुना घासून घ्यायचा असतो, म्हणजे वरचा धरतो. त्याचेच ते ओरखडे. पण अक्षरांपासून बोटभर अंतरावर येऊन ते थांबले होते. प्रत्येक अक्षराच्या कडेकडेनं, वळणावळणानं थांबले होते. अक्षरांना पेपर लागलाच नव्हता. ती कालच लिहिल्यासारखी चकाकत होती.

म्हणून तिथं रंग धरला नव्हता. म्हणून ओघळ आले होते.

त्यानं उजव्या दाराकडं पाहिलं. उघडा पत्रा. तिथलीही अक्षरं अशीच राखून ठेवलेली असणार, आणि आपण ती एका दुपारी खाऊन टाकली.

तो तसाच ओल्या हातांनी उठला आणि वस्तादांच्या पायांशी जाऊन बसला.

“वस्ताद, मला माफ करा. तुम्ही अक्षरं सोडून घासलं होतंत. काम बिघडलं तरी चालेल, पण अक्षरं पुसायची नाहीत… मला दिसलंच नाही हो. तुमचा हात मी ओळखला नाही.”

“माझा?”

“मग?”

“मी कुठली अक्षरं सोडली?” वस्ताद म्हणाले. “ही गाडी माझ्या हाताखाली मंगळवारी पहिल्यांदा आली.”

बाहेर रस्त्यावरून एक एसटी गेली, शेडचा पत्रा हलला आणि थांबला.

“पण तुम्हीच तर… तुम्ही हात पुढं केलेत…”

“माझं काम म्हटल्यावर तुझा हात हलका झाला ना?” म्हणत वस्ताद उठले. खिळ्यावरनं फडकं काढलं. थरथरत्या बोटांनी त्याची गाठ सोडवायला त्यांना बराच वेळ लागला, पण सुकुमारची मदत करायची छाती झाली नाही. शेवटी गन निघाली. त्यांनी ती त्याच्या ओल्या तळहातावर ठेवली.

सुकुमारनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“वस्ताद, मग हा हात होता कुणाचा?”

वस्तादांनी डाव्या दाराकडं पाहिलं…

“ज्याचे तोडायला निघाला होतास,” ते म्हणाले, “त्याचा.”