काळा पडलेला हंडा

भांडी आणि यंत्रं एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. शालिनीबाई केळुसकरांकडे मोठा टीव्ही आला, पण चित्र सारखं अडकायचं. वायफायच्या राउटरचे लुकलुकणारे दिवे बरे दिसत नाहीत म्हणून बाईंनीच तो तांब्याच्या हंड्यामागे दडवला होता. दोष मात्र टीव्हीला. "उद्या हा दुकानात परत," त्या म्हणाल्या.

"आळशा, तुझ्यापायी मी चाललो," टीव्ही राउटरवर खेकसला.

"ओरडून घसा बसला माझा. पण हे हंडेराव मधे उभे आहेत ना."

हंडा ओशाळला. आपल्या चकाकीचा त्याला भारी तोरा होता. तरीही संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःला काळाठिक्कर करून घेतलं.

"काय ही दशा," म्हणत बाईंनी त्याला अंगणात नेऊन चिंचेने घासलं. परतल्या तर टीव्हीवर वाघ न अडखळता चालत होता, मिशीचा केस न् केस दिसत होता. त्यांनी हंडा जागेवर ठेवला. वाघ थबकला. हंडा उचलला, वाघ चालू लागला.

"मेल्या, तू होतास होय," असं म्हणून त्यांनी हंडा दाराशी नेऊन ठेवला.

"बरी खोड मोडली त्याची," टीव्ही म्हणाला.

"गप्प बस," राउटर म्हणाला. "तुझ्यासाठी काळा कोण झाला, ते मी जवळून पाहिलंय."